वेग कुणाचा आणि कुणाच्या मानाने? सापेक्ष गतीची गणितं सोडवायची माझी पद्धत

कोकण रेल्वेवर १९९९ पासून रो-रो सेवा चालते. माल भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर (मालगाडीच्या उघड्या डब्यांवर) चढवतात आणि कोलाडहून थेट गोव्यात वेर्ण्याला नेऊन उतरवतात. अकरावीच्या मुलांना गतीचं प्रकरण शिकवायला घेतलं की मी आधी ही गाडी फळ्यावर काढते. आमच्या चिपळूणवरूनच ती जाते, त्यामुळे चित्र समजावून सांगावं लागत नाही. प्रश्न असा: गाडी सावर्डे सोडून ताशी ६० किलोमीटरने चाललीय. ट्रकचा ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसलाय. त्याच्यासमोरच्या स्पीडोमीटरचा काटा कितीवर आहे?

शून्यावर. स्पीडोमीटर चाकाचं फिरणं मोजतो, म्हणजे चाकाखाली जे काही असेल त्याच्या मानाने ट्रक किती वेगाने जातोय ते. चाकाखाली वाघीण आहे आणि ट्रक तिच्यावर जखडून बांधलेला आहे. आता त्याच ड्रायव्हरने मोबाइलवर नकाशा उघडला तर तिथे ६० दिसेल, कारण जीपीएस पृथ्वीच्या मानाने वेग सांगतं. एकाच केबिनमध्ये दोन यंत्रं, दोन वेगळे आकडे, आणि दोन्ही यंत्रं धडधाकट. “मग ट्रकचा खरा वेग कुठला?” असं कुणीतरी विचारतंच. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्न अर्धा आहे.

मी मुलांना सांगते की वेग हे नात्यासारखं प्रकरण आहे. कुणी नुसता मामा नसतो, तो कुणाचा तरी मामा असतो. तसाच वेग नेहमी कुणाचा तरी आणि कुणाच्या तरी मानाने असतो. म्हणून गणित वाचताना प्रत्येक वेगाच्या शेजारी दोन नावं लिहायची. हे केल्याशिवाय माझ्या वर्गात कुणाला सूत्राला हात लावू देत नाही.

लिहायचं असं: वे(ट्रक, वाघीण) = ०. वे(वाघीण, जमीन) = ६०. पहिलं नाव ज्याचा वेग त्याचं, दुसरं ज्याच्या मानाने मोजला त्याचं. मग साखळी जोडायची:

वे(ट्रक, जमीन) = वे(ट्रक, वाघीण) + वे(वाघीण, जमीन)

मधलं नाव दोन्हीकडे सारखं आलं की ते गळतं आणि टोकाची दोन उरतात. आणखी एकच गोष्ट लक्षात ठेवायची: नावांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं. वे(जमीन, ट्रक) म्हणजे उणे वे(ट्रक, जमीन). अकरावी-बारावीला सापेक्ष वेगावर जेवढं येतं, ते जवळजवळ सगळं या दोन ओळींत बसतं.

पुस्तकात ज्याला संदर्भ चौकट म्हणतात ती म्हणजे हे दुसरं नाव. “वाघिणीची चौकट” म्हटल्यावर मुलांना वाघिणीएवढा डबा डोळ्यांसमोर येतो, तो पुसून टाका. चौकट म्हणजे एक आरंभबिंदू, त्यातून निघालेले तीन अक्ष आणि एक घड्याळ. ते अक्ष कुठे संपत नाहीत. वाघिणीच्या चौकटीतून तुम्ही रुळाकडेच्या आंब्याच्या झाडाचाही वेग मोजू शकता. तो येईल ताशी ६०, मागच्या दिशेने.

गाड्यांची गणितं

“समोरून आली तर बेरीज, मागून आली तर वजाबाकी” हा नियम बहुतेकांना आठवीपासून पाठ असतो. मला तो आवडत नाही. गाड्या एका सरळ रेषेत धावतात तोवर तो चालतो आणि होडी नदीत उतरली की मान टाकतो. शिवाय तो कुठून आला हे पाठ करणाऱ्याला माहीत नसतं. साखळी लावली तर तो आपोआप निघतो.

रोहा ते वीर आता दुहेरी मार्ग आहे, तिथलं उदाहरण घेऊ. पहिली गाडी रत्नागिरीच्या दिशेने ताशी ७२ किलोमीटरने, दुसरी पनवेलच्या दिशेने ताशी ९० ने. आधी एकक बदलून घ्या. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढं डोक्यात ठेवलं की ७२ चे २० होतात आणि ९० चे २५. रत्नागिरीची दिशा धन धरू. मग वे(पहिली, रूळ) = +२० आणि वे(दुसरी, रूळ) = –२५.

वे(दुसरी, पहिली) = वे(दुसरी, रूळ) + वे(रूळ, पहिली) = –२५ + (–२०) = –४५

पहिल्या गाडीत बसलेल्याला दुसरी गाडी सेकंदाला ४५ मीटर वेगाने पनवेलकडे जाताना दिसेल. बेरीज झाली, पण ती आपण केली नाही, चिन्हांनी केली.

दोन्ही गाड्या प्रत्येकी ५०० मीटर लांब असतील तर एकमेकींना ओलांडायला वेळ किती? इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. इंजिनं समोरासमोर आल्यापासून शेवटचे डबे सुटेपर्यंत सापेक्ष अंतर १००० मीटर, म्हणून १००० ÷ ४५, सुमारे २२ सेकंद. पण खिडकीत बसलेल्या तुम्हाला ती गाडी किती वेळ दिसेल? तुम्ही एका बिंदूवर आहात, तुमच्यासमोरून फक्त तिचे ५०० मीटर सरकतात, म्हणून ११ सेकंद. प्रश्नात “प्रवासी” आहे की “गाडी”, ते वाचा. चार पर्यायांत ही दोन्ही उत्तरं हमखास ठेवलेली असतात.

एकेरी मार्गावर तर सापेक्ष गतीचा धडा फुकट मिळतो. गाडी क्रॉसिंगला थांबलेली असते, शेजारच्या लाइनीवरची हलते आणि क्षणभर वाटतं आपलीच सुटली. डोळ्याला त्या क्षणी फक्त वे(शेजारची, आपली) मिळत असतो आणि त्या एका आकड्यावरून कोण हललं ते कधीच कळत नाही. पलीकडच्या खिडकीतून स्टेशनची पाटी बघितली की तिसरं नाव मिळतं आणि उलगडा होतो.

कुठल्या चौकटीत बसायचं?

चौकट निवडणं आपल्या हातात असतं, आणि चांगली निवडली तर पानभर गणित दोन ओळींवर येतं. याचं माझं आवडतं उदाहरण नारळाचं आहे.

वाशिष्ठीत एक होडी प्रवाहाविरुद्ध वल्हवत चाललीय. एका जागी नारळ पाण्यात पडला. दहा मिनिटांनी ते लक्षात आलं, तत्काळ होडी वळवली, वल्ह्याचा जोर तोच ठेवला. पडलेल्या जागेपासून १२०० मीटर खाली नारळ सापडला. प्रवाहाचा वेग किती?

काठावर उभं राहून सोडवायला गेलात तर होडीचा वेग माहीत नाही, प्रवाहाचा माहीत नाही, दोन समीकरणं मांडा, शेवटी होडीचा वेग दोन्हीकडून उडतो आणि आपण उगाच घाम गाळला असं वाटतं. आता पाण्याच्या चौकटीत बसा. पाण्याच्या मानाने नारळ जागचा हललेलाच नाही. होडी त्याच्यापासून दहा मिनिटं दूर गेली, तर त्याच वेगाने परत यायलाही दहाच मिनिटं. एकूण वीस मिनिटं, म्हणजे १२०० सेकंद. तेवढ्यात नारळ जमिनीच्या मानाने १२०० मीटर वाहिला. प्रवाह सेकंदाला १ मीटर. संपलं.

माझा आडाखा असा की गणितात जी वस्तू सगळ्यांत आळशी आहे, तिच्या चौकटीत जाऊन बसायचं. दोन जहाजांमधलं कमीत कमी अंतर काढायचं असेल तर एका जहाजावर बसा. आता दुसरं एकटंच सरळ रेषेत जातंय आणि त्या रेषेवर लंब टाकणं एवढंच काम उरतं.

खाडी ओलांडताना

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे गेलेल्यांनी बघितलं असेल, मधल्या पट्ट्यात बोटीचं तोंड समोरच्या जेटीकडे असतंच असं नाही. भरतीला पाणी खाडीत आत शिरतं, ओहोटीला समुद्राकडे ओढतं, आणि चालवणारा त्यानुसार तोंड एका बाजूला धरतो. बोट चालते तिरकी, पोचते समोर. त्याने सदिशांची (म्हणजे दिशा असलेल्या राशींची) बेरीज वहीवर केलेली नसते, पण करतो तो तेच.

आकडे गणितापुरते घेऊ. पात्राची रुंदी ६०० मीटर, पाण्याच्या मानाने बोट सेकंदाला ५ मीटर, ओहोटीचा ओढा ३ मीटर. साखळी तीच, फक्त बेरीज आता बाणांची:

वे(बोट, जमीन) = वे(बोट, पाणी) + वे(पाणी, जमीन)

पहिला पर्याय: बोटीचं तोंड सरळ काटकोनात ठेवलं. पलीकडे जाण्याचं काम एकट्या ५ चं. ओढा आडवा आहे, तो पार व्हायला मदत करत नाही आणि अडवतही नाही. वेळ ६०० ÷ ५ = १२० सेकंद. तेवढ्यात बोट ३ × १२० = ३६० मीटर समुद्राकडे सरकलेली. जेटी मागे राहिली.

दुसरा पर्याय: जेटीवरच पोचायचंय. मग बोटीच्या ५ मधला ३ एवढा भाग ओढ्याविरुद्ध खर्च करावा लागेल. ३-४-५ चा त्रिकोण, पार व्हायला उरले ४. वेळ ६०० ÷ ४ = १५० सेकंद, आणि तोंड काटकोनापासून सुमारे ३७ अंश ओढ्याच्या विरुद्ध.

परीक्षेतले निम्मे गुण इथे जातात, कारण “कमीत कमी वेळात” आणि “कमीत कमी अंतर कापून” हे दोन प्रश्न सारखेच वाटतात. कमी वेळ हवा तर पहिला पर्याय, सरळ समोर पोचायचं तर दुसरा. ओढा बोटीइतकाच किंवा जास्त असेल तर दुसरा पर्यायच नाही. कितीही तोंड वळवा, बोट नेमकी समोर लागत नाही. या वेळी पार व्हायला उरलेला वेग काढताना वर्गमूळातली संख्या ऋण किंवा शून्य येते आणि मुलं आपण कुठे चुकलो ते शोधत बसतात. चुकलेलं काही नसतं. गणित सांगत असतं की हे होणार नाही.

बाण काढताना एकच पथ्य पाळा: प्रत्येक बाणावर दोन नावं. नुसतं “५” लिहिलेला बाण दोन मिनिटांनी बोटीचा की जमिनीवरचा हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही.

पाऊस

कोकणात हे वेगळं शिकवायची गरज नसावी, पण असते. थेंब सरळ खाली येतायत, सेकंदाला ८ मीटर. मोठ्या थेंबांचा वेग साधारण असाच असतो. तुम्ही स्कूटरवर ६ मीटरने पुढे. हवं ते वे(पाऊस, स्कूटर) = वे(पाऊस, जमीन) + वे(जमीन, स्कूटर). खाली ८, मागे ६. पाऊस तुम्हाला समोरून, उभ्या रेषेशी ३७ अंश तिरका आणि सेकंदाला १० मीटर वेगाने लागतो. मागे बसलेल्याने छत्री धरलीच (धरू नये), तर पुढे तेवढीच कलवावी लागेल. स्कूटर थांबली की पाऊस पुन्हा सरळ. आणि मागून वारा ६ मीटरचा असेल, थेंबही तेवढेच पुढे वाहत असतील, तर चालत्या स्कूटरवरही तो डोक्यावर सरळ पडेल. हा शेवटचा भाग बरेच जण विचारात घेत नाहीत.

हीच आकृती आकाशाला लावता येते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने फिरते आणि ताऱ्याचा प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटरने खाली येतो. ३० भागिले ३ लाख, म्हणजे दहा हजारांत एक भाग. एवढा कल अंशाच्या भाषेत सुमारे २० विकला होतो (एका अंशात ३६०० विकला). १७२० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडली दुर्बिणीतून एका ताऱ्याची जागा वर्षभर सरकताना बघत होता, ती मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना जवळपास एवढीच सरकत होती. पृथ्वी चालते याचा तो पहिला थेट पुरावा ठरला.

चौकटच धक्के खात असेल तर

इथवरच्या सगळ्या चौकटी एकसमान वेगाने सरळ चालणाऱ्या होत्या. गॅलिलिओने १६३२ साली लिहिलं की जहाजाच्या बंद खोलीत बसा, फुलपाखरं उडताना बघा, बाटलीतून थेंब थेंब गळणारं पाणी खालच्या भांड्यात पडताना बघा. जहाज उभं आहे की एकसारखं चाललंय, हे यातल्या कशावरूनही कळणार नाही. अशा चौकटींना जडत्वीय म्हणतात. न्यूटनचे नियम त्यांच्यात जसेच्या तसे चालतात.

कुंभार्ली घाट चढणारी एसटी तशी नाही. आपली चौकट जडत्वीय आहे का, हे तपासायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली पुरते. नव्हे, अर्धीपेक्षा जास्त भरा, एकच मोठा बुडबुडा राहील इतकी. ती सीटवर प्रवासाच्या दिशेने आडवी ठेवा. एसटीने वेग घेतला की आपण मागे जातो आणि बुडबुडा पुढे. ब्रेक लागला की आपण पुढे, बुडबुडा मागे. पाणी जड, ते मागे राहतं आणि हलक्या हवेला पुढे ढकलतं. बुडबुडा त्वरणाची, म्हणजे वेग ज्या दिशेने बदलतोय ती दिशा दाखवतो. तो मध्ये स्थिर असेल आणि रस्ता सपाट असेल, तर तुमची चौकट त्या दिशेने ठीक आहे. घाटाच्या चढावर मात्र बुडबुडा उतारामुळेही सरकतो, तेव्हा हा प्रयोग सपाटीवर करा.

मोजमाप हवं असेल तर दोरीला किल्ली बांधून लोंबकळत धरा. कलाच्या कोनाची स्पर्शज्या (tan) म्हणजे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. सेकंदागणिक १ मीटर प्रति सेकंदाने वेग वाढत असेल तर किल्ली पावणेसहा अंशांच्या आसपास कलते. मोबाइलवर “फायफॉक्स” नावाचं मोफत ॲप आहे, त्यात त्वरणमापक उघडला तर आलेखच मिळतो.

अशा चौकटीत बसूनच गणित करायचं असेल तर एक जादा बल धरावं लागतं, वस्तुमान गुणिले चौकटीचं त्वरण, उलट दिशेने. मुलं त्याला स्यूडो फोर्स म्हणतात, पुस्तकात छद्म बल. लिफ्ट सेकंदागणिक २ मीटर प्रति सेकंदाने वर वेग घेतेय, आत ५० किलोची व्यक्ती काट्यावर उभी: गुरुत्वत्वरण १० धरलं तर ५०० न्यूटन वजन, १०० छद्म, काटा ६०० दाखवतो. जमिनीवरून बघणारा हेच ६०० दुसऱ्या वाटेने काढेल, छद्म बल न धरता.

वळणावर बाहेर फेकलं जाणं याचीही अशी दोन वर्णनं आहेत. रस्त्यावरून बघणारा म्हणतो, प्रवासी सरळ चालला होता, बस वळली, तिने त्याला आत ढकललं. बसमधला म्हणतो, मला अपकेंद्री बलाने बाहेर ओढलं आणि बसच्या बाजूने अडवलं. दोन्ही चालतील. चालत नाही ती खिचडी: रस्त्यावर उभं राहून आकृती काढायची आणि तिच्यात अपकेंद्री बलाचा बाणही घालायचा. आकृतीच्या कोपऱ्यात आधी “चौकट: रस्ता” किंवा “चौकट: बस” असं लिहा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

पृथ्वीची स्वतःची चौकट कुठल्या खात्यात? आर्यभटाने ४९९ साली होडीचंच उदाहरण घेतलं होतं. पुढे जाणाऱ्या होडीतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे लंकेवरून पश्चिमेकडे जाताना दिसतात. ही लंका म्हणजे विषुववृत्तावरची जागा. फिरतोय आपण. आमच्या अक्षांशाला हा वेग सेकंदाला ४४० मीटरच्या वर भरतो. मग बाटलीतला बुडबुडा सरकत का नाही? कारण महत्त्व वेगाला नाही, तो बदलण्याला आहे, आणि फिरण्यामुळे येणारं त्वरण विषुववृत्तावरसुद्धा फक्त ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, गुरुत्वत्वरणाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास. गणितात ते आपण सोडून देतो. पण जास्त वेळ थांबलात तर दिसतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात फूकोचा लंबक आहे. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरते आणि पुण्याच्या अक्षांशाला पूर्ण फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात. ध्रुवावर हेच काम दिवसभरात झालं असतं. पुण्याला गेलात तर दिशा लक्षात ठेवा, चहा पिऊन या आणि परत बघा. एका तासात पावणेपाच अंश.

शेवटी एक अट. वेगांची साधी बेरीज प्रकाशाजवळच्या वेगांना लागू पडत नाही. प्रकाश कुठल्याही जडत्वीय चौकटीतून तेवढाच, हे धरून आइन्स्टाइनने १९०५ साली बेरजेचा जो नियम काढला त्यात साध्या बेरजेला एका जादा संख्येने भागायचं असतं: १ अधिक दोन वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने समोरासमोर येणारी दोन यानं एकमेकांना १.२ पट वेगाने येताना दिसत नाहीत. १.२ भागिले १.३६, म्हणजे ०.८८ पट. आपल्या रोहा-वीरच्या गाड्यांसाठी हीच जादा संख्या काढली तर १ च्या पुढे दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं येतात आणि मग पहिला अंक. तेव्हा तिथे ४५ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळा.